फडा कोणी ओलांडत नाही

"तू ये. तुला शिकवावं लागणार नाही."

इंग्रजीचे सर असं म्हणाले आणि नववीचा अख्खा वर्ग खदखदून हसला. सरांच्या हातात फडा होता. शिंदीच्या पानांच्या केरसुणीला आमच्या भागात फडा म्हणतात. सरांनी तो दोन बोटांत, अंगापासून लांब धरला होता. मी बाकावरून उठून फळ्यापुढे गेले. हात पुढे केला. सरांनी फडा हातात दिला नाही. आधी फरशीवर ठेवला, मग दोन पावलं मागे सरकले, मग म्हणाले, "उचल."

ठेवला. टाकला नाही. कारण फडा ही लक्ष्मी. ती आपटायची नसते, तिला पाय लावायचा नसतो, ओलांडायची तर मुळीच नसते. लक्ष्मीचा मान राखायचा आणि माझा हात हाताला लागू द्यायचा नाही, ही दोन्ही कामं सरांनी एका दमात उरकली. माणूस हुशारच होता.

मी वाकले. उचलला.

"आता झाड."

मी झाडायला लागले. सरांनी एक लाल पुठ्ठा वर धरला. त्यावर 'आत्ता' असं लिहिलेलं. वर्ग एका सुरात ओरडला, "शी इज स्वीपिंग द फ्लोअर." सरांनी लाल पुठ्ठा खाली घेतला, हिरवा वर केला. हिरव्यावर 'रोज'. वर्ग ओरडला, "शी स्वीप्स द फ्लोअर एव्हरी डे."

"शाब्बास," सर म्हणाले. वर्गाला. मला नाही.

तो फडा माझ्या मायनं बांधलेला होता. आदल्या दिवशी सरांनीच मला सांगितलं होतं, "येताना घरून एक नवा फडा आण. पाठाला लागतो." मी आनंदानं नेला होता. सरांनी आपल्याला काहीतरी आणायला सांगितलं, याचाच मला आनंद. वेडी पोर.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडच्या बाजूचं. आठवड्याच्या बाजारात माय फडे विकायला धाडला जायची, जीपच्या मागच्या दांडीला लटकून. आमच्या वस्तीला कागदावर एका थोर माणसाचं नाव आहे. गावात मात्र तिला मांगवाडाच म्हणतात. बाप मी पाचवीत असताना वारला. मायच्या हाताला दोन कामं होती. एक फडे बांधायचं. दुसरं गावातल्या हायस्कूलचं. रोज दिवस उगवायच्या आत ती शाळेचं कुलूप काढायची, सात खोल्या, ओसरी आणि मैदान झाडायची, पाण्याची टाकी भरायची. किल्ली तिच्या कमरेला असायची. त्या किल्लीचा तिला भारी तोरा होता. गावात कोणी तिला घरात घेत नव्हतं, पण शाळा मात्र तिच्या हातानं उघडायची. तिच्या त्या कामावर आमची चूल पेटायची आणि त्याच शाळेत मी शिकायची. हे सरांना ठाऊक होतं, हेडसरांना ठाऊक होतं, आणि मला तर त्याचा एक क्षणही विसर पडत नव्हता.

बुलडाण्याहून शाळेची तपासणी करायला पथक येणार होतं. शाळेचं काय व्हायचं ते त्यांच्या शेऱ्यावर. म्हणून प्रत्येक शिक्षकानं एक आदर्श पाठ बसवायचा, असं ठरलं. इंग्रजीच्या सरांनी दोन वर्तमानकाळ घेतले. सिंपल प्रेझेंट आणि प्रेझेंट कंटिन्युअस. रोज घडतं ते पहिलं, आत्ता घडतंय ते दुसरं. कृतीतून शिकवायचं. एकानं पुढे येऊन कृती करायची, वर्गानं वाक्य बोलायचं. लाल पुठ्ठा आला की एक, हिरवा आला की दुसरं.

खरं सांगायचं तर मला हा धडा अवघड गेलाच नाही. आमच्या बोलीत हा फरक आधीच आहे. माय झाडते, हे रोजचं. माय झाडून राह्यली, हे आत्ताचं. सरांना आमची बोली ऐकली की कपाळाला आठ्या पडायच्या. "राह्यली काय? नीट मराठी बोला आधी, मग इंग्रजीचं बघू." पण पोरांच्या डोक्यात फरक शिरेना, तेव्हा त्यांनाच 'झाडून राह्यली' म्हणून सांगावं लागलं. आमची बोली पुसायलाही तेच आणि वापरायलाही तेच.

पाठासाठी सहा कृती होत्या. लिहिणं, पाणी पिणं, पेपर वाचणं, नाचणं, सायकल चालवणं, झाडणं. पहिल्या पाच कृती सरांनी स्वतः आधी करून दाखवल्या. खुर्चीवर बसून हवेत सायकलसुद्धा चालवली. झाडणं तेवढं करून दाखवलं नाही. त्याच्यासाठी मी होते.

पेपर वाचायला पाटलांचा पुतण्या. त्याच्या घरी पेपर येत नव्हता आणि आला असता तरी त्यानं वाचला नसता. तरी साठ पोरं ओरडायची, तो रोज पेपर वाचतो. खोटंच. मीसुद्धा रोज शाळा झाडत नव्हते. झाडायची माय. पण त्याचं खोटं तास संपला की संपायचं. माझं खोटं माझ्याबरोबर घरापर्यंत यायचं.

एके दिवशी सरांनी फळ्यावर नियम लिहिला. जे कायम सत्य असतं त्याला सिंपल प्रेझेंट वापरतात. खाली इंग्रजीत उदाहरणं लिहिली. सूर्य पूर्वेला उगवतो. पाणी उतरणीकडे वाहतं. गाय गवत खाते. मग खडू थांबला. सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर माय वाळलेली पानं गोळा करत होती. सरांनी चौथं वाक्य लिहिलं. तिची आई झाडते.

वर्गानं चारही वाक्यं एका चालीत म्हटली. मीही म्हटली. तोंड आपोआप हललं. मग फळ्याकडे नीट पाहिलं. सूर्य, पाणी, गाय आणि माझी माय. एका रांगेत. जणू ब्रह्मदेवानंच लिहून ठेवलंय आणि सर फक्त फळ्यावर उतरवतायत. खिडकीतून मायनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिला वाटलं, पोरगी इंग्रजी बोलून राह्यली.

तालीम आठ दिवस चालली. तिसऱ्या दिवसापासून ते वाक्य शाळेबाहेर निघालं. मी हापशावर गेले की पाठीमागून यायचं, "शी इज स्वीपिंग." दुकानात गेले की, "शी इज स्वीपिंग." ओरडणारे माझ्या वर्गातलेच नव्हते. पहिली-दुसरीतली शेंबडी पोरं. त्यांना अर्थ माहीत नव्हता. मला पाहिलं की हे म्हणायचं, एवढंच माहीत होतं. एक म्हातारा पारावरून मला हाक मारून म्हणाला, "काय व स्वीपिंगबाई." माझं नाव गावातून हळूहळू पुसलं जात होतं आणि त्या जागी दुसरं काही बसत होतं. मला दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. मी रस्ता बदलून, नाल्याच्या कडेनं शाळेत जायला लागले. तिथेही एक लहान पोर म्हशीवर बसून तेच गात होतं.

मायला सांगितलं. ती अंगणात फडे बांधत बसली होती.

"काऊन व, तोंड काऊन पाडलं?"

"सर मले साऱ्यायपुढं झाडाले लावतात. मी नाही धरत फडा."

तिचा हात थांबला. "फडा वाईट हाय का? त्याच्याच जिवावर जगलो."

"फडा वाईट नाही. मलेच काऊन, हे पाह्य ना."

 तिनं दोरी दातात धरून ताणली आणि म्हणाली, "पान्यात राहून मासोळीशी वैर करू नये बाई. दोन मिन्टाचा खेळ हाय. धर. साह्यब लोक येतीन, जातीन. आपल्याले इथंच राहाचं हाय."

मला तिचा राग आला. आज येत नाही. तेव्हा फार आला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "सर, मला दुसरी कृती द्या. मी लिहिते. माझं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं आहे." हे खरं होतं. सरांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्या आईला काम ठेवायचं आहे ना?"

बस्स. एवढंच. 

तपासणीच्या दिवशी शाळा आरशासारखी होती. माय पहाटेच येऊन गेली होती. मैदानावर फड्याच्या रेघा इतक्या सारख्या उमटल्या होत्या की त्यांच्यावर पाय ठेवू नये वाटावं. हेडसरांनी तिला सांगितलं, "साहेब लोक असेपर्यंत मागे संडासाकडे बस. पुढे दिसू नको." शाळा तिनं चकचकीत केली आणि चकचकीत शाळेत तिनं दिसायचं नव्हतं. ती मागे जाऊन बसली. पदर सारखा करून, जशी काही तिचीही तपासणी होणार होती.

पथकात दोन साहेब आणि एक बाई होत्या. तिघं वर्गात मागच्या भिंतीला खुर्च्यांवर बसले. हेडसर त्यांच्या बाजूला. सरांनी मोबाइल एका पोरीच्या हातात देऊन शूटिंग लावलं होतं. पाठ सुरू झाला. लिहिणाऱ्यानं लिहिलं. पिणाऱ्यानं पाणी प्यायलं, पिता पिता ठसका लागला, सगळे हसले, साहेबही हसले. पुतण्यानं पेपर उलटा धरला होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. लाल पुठ्ठा, हिरवा पुठ्ठा, लाल, हिरवा.

मग माझं नाव घेतलं.

फडा टेबलाखाली ठेवलेला होता. मी वाकले, उचलला, सरळ झाले. आणि उभी राहिले.

हे मी ठरवून केलं नव्हतं. त्या क्षणापर्यंत मी झाडणारच होते. मायचं काम डोळ्यांपुढे होतं. पण कंबर वाकेना. फडा हातात, हात खाली, मी सरळ उभी. एक पानही जमिनीला लागलेलं नाही.

सरांनी लाल पुठ्ठा वर केला.

"शी इज स्वीपिंग द फ्लोअर."

साठ पोरांचा आवाज. एकही अडखळला नाही. मला वाटलं होतं कोणी तरी हसेल. कोणी तरी म्हणेल, सर, ही तर नुसती उभी आहे. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडे कोणी पाहतच नव्हतं. सगळ्यांचे डोळे पुठ्ठ्याला चिकटलेले. मागे साहेब मान डोलावत होते. बाई वहीत काही लिहीत होत्या.

सरांनी मात्र पाहिलं. मी झाडत नाही, हे त्यांना दिसलं. क्षणभर त्यांचा हात अडला. मग त्यांनी शांतपणे हिरवा पुठ्ठा वर केला.

"शी स्वीप्स द फ्लोअर एव्हरी डे."

टाळ्या.

मी झाडत नाही, हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. मला आणि सरांना. आणि सरांचं त्यानं काही अडत नव्हतं. तेव्हा मी घाबरले. मार खाताना घाबरतात तशी नाही.  मी झाडलं काय, उभी राहिले काय, मेले काय, ही माणसं हेच वाक्य म्हणणार. उद्या माझ्या नातीच्या तोंडाकडे न पाहताही हेच म्हणतील. माझं काही करणं यांना लागतच नाही.

आणि त्या भीतीतूनच पुढची गोष्ट झाली.

वर्गाला एकच दार. फळ्याच्या बाजूला. मी दाराकडे गेले, फडा उंबऱ्यावर आडवा ठेवला, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, आणि परत येऊन जागेवर बसले. कोणी काही म्हटलं नाही. सरांना वाटलं असेल, पोरीनं फडा बाजूला ठेवला.

पाठ संपला. पथक उठलं. पुढचा वर्ग बघायचा होता. मोठे साहेब सगळ्यात पुढे. दारापाशी आले, बूट उचलला, आणि बूट तसाच हवेत राहिला. खाली फडा. साहेबांनी पाय मागे घेतला.

"इथं कोणी ठेवला हा?"

मागून दुसरे साहेब आले, तेही थांबले. बाई थांबल्या. त्यांनी साडीचा काठ जरासा वर घेतला, जसं पाणी साचलं असावं. हेडसर धावत आले आणि त्यांच्या मागे थांबले. चार शिकली सवरलेली माणसं. समोर बोटभर जाडीचा फडा. ओलांडला तर लक्ष्मी ओलांडली. आणि उचलायचा? उचलायचा कोणी?

आम्हाला ओलांडताना यांना कधी काही वाटलं नाही. शाळेत पाणी प्यायला मी सगळ्यांचं होईपर्यंत उभी राहायची, माझ्या बाजूनं पोरं पुढे जायची. माय संडासाकडे बसली होती, तिला ओलांडूनच तर हा सगळा पाठ उभा होता. पण फडा ओलांडायला यांची छाती होईना.

सर माझ्याकडे वळले. "उचल गं."

"नाही उचलत, सर."

 मी हे मोठ्यानं बोलले हे मलाच उशिरा कळलं.

सरांनी वर्गावर नजर फिरवली. पहिल्या बाकावर पाटलांचा पुतण्या. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सरांनी नजर काढून घेतली. दुसऱ्या बाकावर क्लार्कची पोरगी. तिसऱ्यावर किराणा दुकानदाराचा. सरांची नजर एकेकावर जायची आणि सरकायची. त्या वर्गात साठ पोरं होती. पण फडा उचल म्हणता येईल असं एकच पोर होतं. आणि ते नाही म्हणत होतं.

सरांनी स्वतः उचलला असता तर तिथेच संपलं असतं. दोन पावलं आणि एक वाकणं. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. वाटलं, उचलतील. नाही उचलला. तालमीत दोन बोटांत धरला होता, साहेबांपुढे वाकायला मात्र तयार नव्हते.

हेडसरांनी खिडकीतून हाक मारली. "ए बाई! ये लवकर इकडं!"

माय धावत आली. उंबऱ्याच्या पलीकडे थांबली. तिनं फडा पाहिला. तिच्याच हाताची गाठ ती ओळखणार नाही तर कोण. मग मला पाहिलं. मी मान हलवली. नको माय. तिनं पाहिलं आणि तरी ती खाली बसली. दोन्ही हातांनी फडा उचलला, कपाळाला लावला आणि बाजूला सरली. साहेब बाहेर पडले. बाई जाता जाता तिला म्हणाल्या, "असं दारात ठेवू नये हो."

तिला म्हणाल्या. माझ्या मायला.

पथकाची गाडी गेली आणि हेडसरांनी आम्हा दोघींना बोलावलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. "सोमवारी हिनं लेखी माफी द्यायची. नाही दिली तर मंगळवारपासून तू कामाला यायचं नाही." मायनं मान हलवली. हो म्हणून की ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर ती अंगणात बसली आणि मग म्हणाली, "टाकाचाच व्हता तं मांगं कुठी टाकतीस. उंबऱ्यात काऊन टाकला?"

"मांगं टाकला असता तं त्यायले दिसला नसता."

"आता जाईन माहं काम."

"हाव."

दुसरं काय बोलणार? मी तिच्या पोटावर पाय दिला होता. ते मला तेव्हाही कळत होतं. त्या दिवशी तिनं भाकरी केल्या आणि स्वतः खाल्ली नाही. मी खाल्ली. भूक लागली होती, म्हणून खाल्ली. त्याची लाज अजून आहे.

रविवारी शेजारची पोरगी मोबाइल घेऊन आली. सरांनी गावाच्या ग्रुपवर पाठाचा व्हिडिओ टाकला होता. शेवट कापून. खाली अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागलेली. 'आदर्श पाठ', 'सरांचे अभिनंदन', 'गावाची मान उंचावली'. मायनं मोबाइल हातात घेतला. माझी पाळी आली. मी स्क्रीनवर उभी. पोरं ओरडली.

"काय म्हनून राह्यले हे पोट्टे?" मायनं विचारलं.

"म्हनतात, हे झाडून राह्यली."

"कोन?"

"मी."

मायनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "पन तू तं उभी हायेस!"

"हाव."

"फडा तं जमिनीले लागलाच नाही."

"हाव माय."

"मंग यायले दिसून नाही राह्यलं?"

 तिनं पोरीला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. गावातल्या शेकडो माणसांनी तो व्हिडिओ पाहिला, अंगठे दिले. मी उभी आहे, हे एकट्या मायला दिसलं. माझी माय शाळेत गेली नव्हती. तिला पुठ्ठ्याकडे बघायची सवय नव्हती, ती पोरीकडे बघत होती.

मोबाइल परत देताना तिचं तोंड बदललेलं होतं. तसं तोंड मी आधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मारते आता. तिनं मारलं नाही. उठली आणि पाण्याला गेली.

सोमवारी हेडसरांच्या टेबलावर कागद तयार होता. मजकूर सरांच्या अक्षरात. मी गैरवर्तन केले, शाळेची बदनामी केली, यापुढे शिक्षक सांगतील ते मुकाट्याने करीन. खाली माझी सही आणि बाजूला मायचा अंगठा, एवढीच जागा मोकळी.

"कर सही," हेडसर म्हणाले.

मी पेन उचललं नाही.

"तू सांग हिला," हेडसर मायला म्हणाले.

माय टेबलाच्या जवळ गेली. इतक्या वर्षांत ती त्या टेबलाच्या इतकी जवळ फक्त पुसायला गेली होती. म्हणाली, "माही पोरगी झाडून राह्यली नव्हती, सर. उभी व्हती. तुमच्याच मोबाइलात हाय. तुमी पाह्यलं नाही, मी पाह्यलं."

"त्याचा इथं काय संबंध?"

मायनं कमरेची किल्ली काढली आणि त्या कागदावर ठेवली.  

मंगळवारी शाळा दुसऱ्याच कोणी तरी उघडली. झाडली नव्हती. तासाला सर आले, बाकावरची धूळ पाहिली आणि सातवीतून तीन पोरी बोलावल्या. तिघी आमच्या वस्तीतल्या. सर म्हणाले, "आजपासून तुम्ही तिघी झाडायचं." पोरींनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, पोरांनीच झाडायचं असेल तर हजेरीतल्या पहिल्या नावापासून लावा. सगळ्यांना लावा." सर म्हणाले, "बस खाली." मी बसले नाही. त्या तिघींनी फड्याला हात लावला नाही. पहिल्या नावानंही लावला नाही. शाळा पाच दिवस तशीच राहिली. धुळीतच तास झाले. त्याच आठवड्यात आमच्या छपराच्या टिनांवर दोनदा दगड आले. धाडच्या बाजारात आमच्या गावच्या बायकांनी मायकडून फडे घेणं बंद केलं. दिवाळीला लक्ष्मी हवी होती त्यांना, पण आमच्या हातची नको. सहाव्या दिवशी शाळेनं दुसऱ्या गावाहून एक म्हातारी आणली. आमच्यासारखीच. मी जिंकले असं मला कधीच वाटलं नाही. माय पुढची चार वर्षं लोकांच्या शेतात निंदायला गेली.

सर दहावीपर्यंत मला इंग्रजी शिकवत राहिले. दीड वर्षात एकदाही माझं नाव घेऊन प्रश्न विचारला नाही. मी रोज पहिल्या बाकावर जाऊन बसायची आणि रोज त्यांच्याकडे पाहायची.

आज मी स्वतः इंग्रजी शिकवते. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत, करारावर. दोन वर्तमानकाळ मीही शिकवते. पोरांना सांगते, कायमचं सत्य म्हणून लिहायचं असेल तर सूर्याबद्दल लिहा, पाण्याबद्दल लिहा. माणसाबद्दल लिहायचं असेल तर आधी मान वर करून त्या माणसाकडे पाहा, तो आत्ता काय करतो आहे ते बघा, मग तोंड उघडा. पुठ्ठे मी वापरत नाही.

आणि माझ्या वर्गात झाडायचे वार हजेरीप्रमाणे लागतात. पहिला वार माझा. त्यानंतर पहिलं नाव, दुसरं नाव, तिसरं. यंदा पहिलं नाव संस्थेच्या एका संचालकाच्या नातवाचं निघालं. त्यानं झाडलं. पोर चांगलं आहे, कुरकुर न करता झाडलं, घरी जाऊन सांगितलंही आनंदानं. दुसऱ्या दिवशी तिघंजण शाळेत आले. एकानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच." परवा संध्याकाळी मी राहते त्या खोलीच्या दारापाशी दोन मोटारसायकली बराच वेळ उभ्या होत्या. इंजिन चालू, कोणी उतरलं नाही. काल नोटीस आली. विद्यार्थ्यांना हलकी कामं लावल्याबद्दल सात दिवसांत खुलासा आणि दिलगिरी द्यावी, अन्यथा करार संपला असं समजावं. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, दोन ओळी लिहून टाका. कशाला वाढवता?" मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुले काय वाटते ते कर. माह्याकडं पाहून करू नको."

सात दिवस मला लागत नाहीत. खुलासा आजच लिहिला, एका ओळीचा. झाडण्याचे वार हजेरीपटाप्रमाणेच लागतील, नावं वगळली जाणार नाहीत. दिलगिरीचा शब्द त्यात नाही आणि येणारही नाही. काढलं तर दुसऱ्या शाळेत जाईन, तिथेही पहिल्याच दिवशी हजेरीपट उघडीन आणि पहिल्या नावाला हाक मारीन. ते नाव कोणाच्या घरचं आहे, हे मी विचारणार नाही.